ताशाचे वाचन : पथकांतील वादनशिक्षणाची चिकित्सा

पथकात ताशा शिकण्यासाठी आलेल्या नव्या मुलास पहिल्या दिवशी जे सांगितले जाते ते बहुधा दोन शब्दांत संपते : ‘हात बघ.’ शिकविणारा समोर उभा राहतो, कमरेशी बांधलेल्या ताशावर एक आकृती वाजवितो आणि शिकणारा ती जशीच्या तशी उचलण्याचा प्रयत्न करतो. त्या आकृतीलाही ‘हात’ असेच म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. या शब्दयोजनेत एक सत्य दडलेले आहे. ताशाचा धडा हा प्रथम हाताचा धडा असतो, कानाचा व बुद्धीचा नंतर. परंतु याच रीतीत एक मोठा दोषही आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून काम करू लागतो. समोरासमोर उभे राहून शिकणाऱ्या मुलाला गुरूचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूस दिसतो. एखादा मुलगा मनातल्या मनात ते उलटवून घेतो, दुसरा आरशातल्या प्रतिमेप्रमाणे वाजवितो. आठ दिवसांनी दोघांचाही हात ‘बसला’ असे समजले जाते. दोघांनाही आकृती आली हे खरे; परंतु दोघांना एकच आकृती आलेली नसते. पुढे वीस ताशे एकत्र उभे राहिले म्हणजे या फरकाचे काय होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पुण्यातील विद्यार्थी-पथकांचा विचार सदाशिव पेठेला वगळून करता येणार नाही. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी ही संस्था याच पेठेतील. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत शिस्तबद्ध विद्यार्थ्यांचे पथक, त्याचे बर्चीनृत्य आणि त्याच्या जोडीला ढोल-ताशा हे दृश्य पुणेकरांच्या अंगवळणी पाडण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. तत्पूर्वी मिरवणुकीतील ढोल हा मुख्यतः मुळशी, मावळ या भागांतून येणाऱ्या ग्रामीण मंडळींचा होता. शहरातील सुशिक्षित घरांतील मुलामुलींनी तो खांद्यावर घेतला ही सांस्कृतिक दृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. प्रबोधिनीच्या मागून शहरातील इतर शाळांची, मग माजी विद्यार्थ्यांची आणि शेवटी कोणत्याही शाळेशी संबंध नसलेली स्वतंत्र पथके निघाली. आज आषाढ-श्रावणात नदीपात्रात, शाळांच्या पटांगणांत व मोकळ्या जागी सायंकाळी सराव सुरू होतो आणि भाद्रपदात तो रस्त्यावर येतो. शिक्षणाला मिळणारा अवधी सामान्यतः दोन महिन्यांचा. दरवर्षी नव्याने येणाऱ्यांचा भरणा मोठा, आणि त्यांपैकी कित्येक जण पुढच्या वर्षी नोकरीनिमित्त वा शिक्षणानिमित्त गावात नसतात.

या पथकांविषयी जी सार्वजनिक चर्चा होते ती जवळजवळ सर्वस्वी संख्येची आणि आवाजाची असते. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकाच्या सदस्यसंख्येवर तीसची मर्यादा घातली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेस स्थगिती दिली. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. ध्वनीची पातळी, परंपरा, रोजगार, उत्सवाचे स्वातंत्र्य हे सर्व मुद्दे त्यात आले. तीस जणांनी काय वाजवावे आणि तीनशे जणांनी काय वाजवावे, किंवा वाजविणाऱ्याला आपण काय वाजवितो याची जाण कितपत असते, हा प्रश्न मात्र कोणी उपस्थित केला नाही. ज्या कलेचे टीकाकार केवळ मोजमाप करतात व समर्थक केवळ अभिमान बाळगतात, त्या कलेला वाङ्मयचर्चेच्या अर्थाने समीक्षा लाभत नाही. ताशाची आजची स्थिती अशी आहे.

प्रथम वाद्याचा विचार करणे प्राप्त आहे. ताशा म्हणजे उथळ, रुंद तोंडाचे भांडे. पूर्वी मातीचे, नंतर तांब्याचे वा अन्य धातूचे. त्यावर पातळ चामडे अत्यंत ताणून बसविलेले असते. चामडे हवेतील ओलाव्याने सैल पडते, म्हणून ते शेकून घ्यावे लागे. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पान आल्यामुळे शेकोटीचे काम सरले आहे. वादन दोन बारीक, लवचिक काड्यांनी होते. युरोपीय सैन्यातील साइड ड्रम अथवा स्नेअर ड्रम याच्याशी ताशाचे नाते रचनेचे नसून कार्याचे आहे. साइड ड्रमला दोन तोंडे असतात आणि खालच्या पानाला टेकून ताणलेल्या तारांमुळे त्याचा विशिष्ट चरचरीत नाद निघतो. ताशाला तारा नाहीत. त्याची तडतड ही केवळ ताणाची व काडीची करामत होय. तथापि मोठ्या, मंद नादाच्या ढोलांसमोर तीव्र व तुटक नादाने लयीचे तपशील भरणे, गती ठरविणे आणि बदलाचा इशारा देणे ही दोघांचीही कामे आहेत. पाइप बँड चालू लागतो तेव्हा प्रथम साइड ड्रमांचे दोन मोजलेले घुमारे येतात आणि मगच पाइप सुरू होतात. पथकातही ताशाने वाट उघडून दिल्याशिवाय ढोल पडत नाही. दोन्ही ठिकाणी लहान वाद्य मोठ्याला चालविते. म्हणून पाइप बँडमधील साइड ड्रमचे शिक्षण कसे होते हे पाहणे ताशाच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. ही तुलना परक्याच्या अनुकरणासाठी नव्हे, तर आपल्या रीतीतील अव्यक्त गृहीतके उघड व्हावीत म्हणून.

त्या परंपरेत नवशिक्या पुष्कळ दिवस ड्रमला हात लावीत नाही. रबराच्या लहानशा गादीवर त्याचा सराव चालतो. गादीचा आवाज क्षीण असतो व म्हणूनच ती निर्दय असते. आवाजाच्या आड दोष लपत नाही. काडी कोठे धरावी, ती आपटून वर येते तेव्हा बोटांनी तिला कितपत मोकळे सोडावे, मनगट केव्हा वापरावे आणि बाहू केव्हा, येथून धडा सुरू होतो. काडी मारावयाची नसते, टाकावयाची असते. ती स्वतःच उसळते आणि वादकाने त्या उसळीचा उपयोग करून घ्यावयाचा असतो. मग एकेरी आघात, उजवा-डावा-उजवा-डावा, अत्यंत सावकाश आरंभ करून हळूहळू द्रुतावर नेणे आणि पुन्हा तितक्याच सावकाशीने उतरविणे. चढण्यापेक्षा उतरणे कठीण असते हे ज्याने करून पाहिले आहे त्यास सांगावयास नको. त्यानंतर दुहेरी आघात, दोन उजवे व दोन डावे. इंग्रजी मुलांना ते ‘डॅडी-मॅमी’ अशा अक्षरांनी शिकविण्याचा जुना प्रघात आहे. पुढे मुख्य आघाताला चिकटून येणारे एक वा दोन सूक्ष्म आघात, आणि मोजलेले घुमारे : पाच आघातांचा, सात आघातांचा.

ताशाच्या वादकाला या सर्व गोष्टी अपरिचित आहेत असे मुळीच नाही. उत्तम ताशेवाल्याची काडी उसळीवर चालते, त्याचे मनगट सैल असते आणि त्याची तर्री ऐकली म्हणजे एकेक आघात वेगळा काढता येत नाही. फरक इतकाच की हे त्याला सापडलेले असते, शिकविलेले नसते. ज्यांना ते दोन महिन्यांत सापडत नाही, आणि बहुसंख्यांना ते सापडत नाही, ते काडी मुठीत आवळतात, खांद्यापासून हात उचलतात आणि ज्या जागी बारीक दाणे पडावयाचे तेथे जोराचे पण विरळ ठोके मारतात. त्यांचा डावा हात उजव्यामागे लंगडत येतो. पथकात ही उणीव संख्येने झाकली जाते. वीस जणांच्या कच्च्या तर्रीची मिळून एक सलग खरखर होते आणि श्रोत्याला ती भरगच्च वाटते. वस्तुतः संख्येचा आग्रह अनेकदा येथून उगम पावतो.

पाइप बँडच्या प्राथमिक पाठांतील एक पाठ येथे तपशिलाने पाहण्याजोगा आहे. त्याला ‘पॅराडिडल’ म्हणतात. आठ समान आघात. हातांचा क्रम असा : उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. कालाच्या दृष्टीने पाहिले तर हे आठ आघात आणि एकाआड एक हाताने मारलेले आठ आघात यांत काहीही भेद नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला, वादक निपुण असेल तर, दोन्ही एकच वाटतील. मग हा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर पुढच्या आवर्तनात आहे. एकाआड एक वाजविताना प्रत्येक चौकडीचा आरंभ उजव्या हातानेच होतो. पॅराडिडलमध्ये पहिली चौकडी उजव्याने आणि दुसरी डाव्याने सुरू होते. जोराचा आघात ज्या हातावर येतो तो हात बदलतो. म्हणून डावा हात आपोआप तयार होतो आणि वादकाला पुढची आकृती कोणत्याही हाताने उचलण्याची मोकळीक मिळते. म्हणजे, कानाला ऐकू न येणारी एक माहिती वादनात असते : कोणता आघात कोणत्या हाताचा. एकट्या वादकाने ती स्वतःपुरती ठेवली तर बिघडत नाही. समूहात मात्र तीच माहिती निर्णायक ठरते. वीस जणांनी एकच आकृती निरनिराळ्या हातांनी वाजविली की प्रत्येकाचा नैसर्गिक जोर निरनिराळ्या जागी पडतो. काल जुळतो, वजन जुळत नाही. ऐकणारा म्हणतो, ‘सगळे बरोबर वाजवतायत, पण एकजीव होत नाही.’ पथकांच्या वादनाविषयी जाणकारांची जी अस्पष्ट तक्रार असते तिचे एक मुख्य कारण हे आहे, आणि त्याचे मूळ ‘हात बघ’ या धड्यातील आरशात आहे.

ही माहिती कागदावर आणण्याचा एक साधा उपाय युरोपात निघाला. स्वित्झर्लंडमधील बाझेल हे शहर आपल्या वसंतोत्सवातील ढोलांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील डॉ. फ्रिट्झ बर्गर यांनी विसाव्या शतकात एक लेखनपद्धती रूढ केली. पाच रेषांच्या जागी एकच आडवी रेषा. तिच्या वर लिहिलेला आघात उजव्या हाताचा, तिच्या खाली लिहिलेला डाव्याचा. कालदर्शक खुणा नेहमीच्याच. स्कॉटलंडच्या पाइप बँडांनी एकरेषी लेखनाची हीच रीत स्वीकारली आणि ती तेथे स्थिरावली. अॅलेक्स डथार्ट यांच्यासारख्या रचनाकाराने १९८६ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत तेथील ड्रमवादनाला जी नवी घडण दिली, ती वर्गावर्गांतून पसरू शकली याचे बरेचसे श्रेय रचना लिहिल्या व वाचल्या जात होत्या या गोष्टीला आहे. पान हातात आले की त्यावरील रेषेकडे पाहून कोणता हात आधी हे कळते. समोर कोणी उभे राहण्याची आवश्यकता उरत नाही, म्हणून आरसाही उरत नाही.

हे सर्व दूरदेशीचे वाटू नये. मराठी माणसाने साइड ड्रम हाती घेतला त्याला कित्येक पिढ्या झाल्या. बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे पाइप बँड आहेत. पुण्यानजीक खडकीला बॉम्बे सॅपर्सचा आहे. सैन्यातील वादकांच्या शिक्षणासाठी पचमढी येथे १९५० पासून स्वतंत्र व्यवस्था आहे आणि तेथे लेखनवाचन हा शिक्षणाचा भाग असतो. सातारा, कोल्हापूर वा बेळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत जातो आणि साइड ड्रमची रचना वाचावयास शिकतो. त्याचाच चुलतभाऊ गावच्या ताफ्यात ताशा वाजवितो आणि त्याला कोणीही एक ओळ लिहून दिलेली नसते. खुद्द पुण्याच्या मध्यवस्तीत दुसरेही एक उदाहरण आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषात साइड ड्रमला ‘आनक’ आणि मोठ्या ढोलाला ‘पणव’ अशी संस्कृत नावे दिलेली असून रचनाही भारतीय रागतालांवर बेतलेल्या आहेत. तेथे पाश्चात्य वाद्य घेऊन त्याला देशी आशय देण्याचा प्रयत्न झाला. ताशाच्या बाबतीत याच्या उलट प्रश्न आहे. वाद्य देशी, आशय देशी; साधन मात्र कोणतेच नाही.

यावर असे म्हटले जाईल की आपल्याकडे साधन आहेच : बोल. तबला व पखवाज यांची सारी विद्या बोलांत साठविलेली आहे. जे हाताने वाजवावयाचे ते आधी मुखाने म्हणावयाचे, ही पढंतीची शिस्त जगातील कोणत्याही लेखनपद्धतीच्या तोडीची आहे. हे म्हणणे यथार्थ आहे. परंतु ते ताशाला जसेच्या तसे लागू करता येत नाही, आणि याचे कारण आजवर पुरेसे लक्षात घेतले गेलेले दिसत नाही. केरव्याचा सर्वपरिचित ठेका घ्यावा : धा गे ना ती, ना क धिं ना. यातील ‘ना’ उजव्या हाताचा, ‘गे’ व ‘क’ डाव्याचे, ‘धा’ दोन्ही मिळून. बोल उच्चारला की हात कळतो. कारण तबल्यावर दोन हात दोन वेगळ्या नादांच्या तोंडांवर आहेत आणि बोल नादाचे अनुकरण करतो. संबळाचीही तीच गोष्ट. ताशावर मात्र दोन काड्या एकाच पानावर, जवळजवळ एकाच जागी पडतात. नाद सारखा, म्हणून नादाचे अनुकरण करणारा बोलही सारखा. तबल्याचा बोल ताशावर आणला की तो काल सांगतो, हात सांगत नाही. पथकातील काही जाणती मंडळी तबल्याचे तुकडे ताशावर वाजवितात. त्यांच्या पुढे हीच अडचण उभी राहते व ते ती आपापल्या परीने सोडवितात. परिणामी तुकडा एक आणि हात अनेक.

मग लेखनाचा विचार करावा लागतो. येथेही मराठी माणसाची परंपरा दरिद्री नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे सहकारी गुरुदेव पटवर्धन यांनी तेथूनच १९०३ च्या सुमारास ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ हे पुस्तक सिद्ध केले. आघाताच्या जागा, बोटांची ठेवण, प्रत्येक बोलाचा काल हे सर्व वाचकाला पुस्तकातून कळावे अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. जेम्स किप्पेन यांनी २००६ मध्ये इंग्रजी भाषांतरासह त्याची जी चिकित्सा प्रसिद्ध केली तिच्यामुळे या विस्मृत ग्रंथाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी पखवाजियाने तालवाद्याचे शिक्षण कागदावर आणण्याचा विचार इतक्या बारकाईने केला होता, आणि आज त्याच समाजातील मुले तालवाद्य ‘हात बघ’ म्हणून शिकतात! प्रगतीची रेषा सरळ जातेच असे नाही.

पलुस्करांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराखाली त्याच्या कालाची खूण येते : एक मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत खूण अक्षराला नसून गटाला असते. एका मात्रेत जितकी अक्षरे मावतात तितक्यांच्या खाली एक चंद्रकोर काढली की काम झाले. पहिली पद्धत अधिक नेमकी, दुसरी अधिक सुवाच्य. (एकाच चंद्रकोरीचे दोन अर्थ, आणि भातखंड्यांकडे शून्य म्हणजे खाली तर पलुस्करांकडे अर्धी मात्रा, दोन्ही परंपरांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे जी त्रेधा उडते ती आजही संपलेली नाही.) ताशाच्या दृष्टीने दोहोंची परीक्षा करावयाची तर चालत्या वाचनाचा निकष लावला पाहिजे. सरावाच्या जागी उभ्या असलेल्या मुलाला एका दृष्टिक्षेपात मात्रा कोठे पडते हे दिसले पाहिजे. या निकषावर भातखंडे पद्धत निःसंशय सरस ठरते. पथकातील लयीला जो एक लंगडा झोका असतो, म्हणजे मात्रेच्या दोन भागांपैकी पहिला लांब व दुसरा तोकडा, तो मात्र या पद्धतीत अवग्रह घालून कसाबसा दाखवावा लागतो : ‘त ऽ ऽ ड’. पाऊण व पाव असा तो भेद. प्रत्यक्षात वाजविणारे कित्येकदा दोन-तृतीयांश व एक-तृतीयांश वाजवितात, आणि त्याचे लेखन ‘त ऽ ड’ असे निराळे होईल. हा भेद लिहावयास बसल्याशिवाय लक्षातच येत नाही. लेखनाचा लाभ स्मरणापुरता नसतो तो असा.

परंतु दोन्ही पद्धतींना हात दाखविता येत नाही, कारण ज्या वाद्यांसाठी त्या रचल्या गेल्या त्यांना ती गरजच नव्हती. येथे बाझेलची एक रेषा उपयोगी पडते. देवनागरी अक्षरे आणि भातखंड्यांची चंद्रकोर कायम ठेवून केवळ रेषेच्या वर उजवा व खाली डावा एवढा संकेत घेतला, तर पाश्चात्य स्वरलेखनाचे ओझे न घेता ताशाची आकृती पूर्णपणे लिहिता येईल. किंबहुना रेषेचीही अपरिहार्यता नाही. मराठी भाषेने या वाद्याला जे क्रियापद दिले आहे, त्यातच उपाय सुचविलेला आहे. ताशा तडतडतो. ‘त’ हा उजव्या काडीचा आणि ‘ड’ हा डाव्या काडीचा असा नियम ठरविला, तर वर सांगितलेला पॅराडिडल ‘त ड त त, ड त ड ड’ असा होतो. तो लिहिता येतो, वाचता येतो आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ताशा गळ्यात न घेता टाळी देत म्हणता येतो. इंग्रजी मुलाचे ‘डॅडी-मॅमी’ आणि आपली पढंत यांचा येथे सहज मेळ बसतो. ही अक्षरे नादाचे अनुकरण करीत नाहीत, हाताचे करतात. म्हणून तबल्याच्या बोलांहून ती जातीने वेगळी आहेत, हे मात्र शिकविणाऱ्याने विसरता कामा नये.

लेखनाविरुद्ध घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की ताशा ही रस्त्यावरची, लोकांची विद्या आहे. कागद आला की तिचा जिवंतपणा जाईल. मावळातील म्हाताऱ्या वादकाने कधी पाटी-पेन्सिल घेतली होती काय? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, पण तो ज्या पथकांच्या वतीने घेतला जातो त्यांना तो घेण्याचा अधिकार कितपत आहे हे पाहिले पाहिजे. ग्रामीण वादक लहानपणापासून त्या नादात वाढलेला असतो. जत्रा, पालखी, मोहरमचे ताबूत अशा वर्षभराच्या प्रसंगांतून वडिलांच्या वा चुलत्याच्या शेजारी उभा राहून तो शिकतो. ‘शेजारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा : समोर नव्हे, शेजारी. त्यामुळे त्याचा उजवा हात उजवाच राहतो. मौखिक परंपरा म्हणजे शिस्तीचा अभाव नव्हे; तिची स्वतःची शिस्त असते, आणि ती दीर्घ सहवासाने पाळली जाते. नागरी पथकाने त्या परंपरेतून आकृती उचलल्या. सहवास उचलता येणे शक्यच नव्हते. मौखिकाची शिस्त नाही आणि लिखिताचीही नाही, अशा मधल्या अवस्थेत दोन महिन्यांचे शिक्षण उरकले जाते. तिच्या समर्थनार्थ मौखिक परंपरेचे नाव घेणे हे त्या परंपरेवरच अन्याय करणारे आहे.

भ्रमणध्वनीवरील चित्रफितींनी ही उणीव भरून काढली आहे, असे अलीकडे सांगितले जाते. चित्रफितीत हात दिसतो हे खरे; पण तोही बहुधा समोरूनच, आणि द्रुतात दोन काड्यांचा एक धूसर पंखा होऊन जातो. शिवाय चित्रफीत जे घडले ते दाखविते; त्यातील कोणता आघात आवश्यक, कोणता वादकाच्या लहरीचा, आवर्तन कोठे सुरू झाले, हे ती सांगत नाही. ते सांगण्यासाठी कोणीतरी ऐकून, विचार करून, निवड करून लिहावे लागते. लिहिणारा चुकेल. पण त्याची चूक दुसऱ्याला दाखविता येईल. ‘हात बघ’ या धड्यातील चूक कोणालाच दाखविता येत नाही.

आणि यात केवळ शिक्षणाच्या सोयीचा प्रश्न नाही. मुळशी-मावळातील निरनिराळ्या गावांच्या चालींत जे भेद होते, ते शहरातील पथकांत येता येता घासून गुळगुळीत होत चालले आहेत. एका पथकाचा गाजलेला हात पुढच्या वर्षी दहा पथकांत ऐकू येतो. ज्या गावच्या चालीवरून तो बेतला गेला तिची मूळ वळणे कोणाला ठाऊक नसतात. सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० पासून तेथे मोडी कागदाचा कपटाही जपला जातो, त्याची तारीख लावली जाते, त्यावर वाद होतात. त्याच पेठेच्या रस्त्यांवरून दर भाद्रपदात तालाचे जे दस्तऐवज वाजत जातात त्यांची मात्र नक्कल कोणी ठेवीत नाही. इतिहासाविषयी इतकी जागरूक असलेली पेठ याबाबतीत उदासीन का राहिली, याचे उत्तर कदाचित असे असेल की ताशा हा तिला अजूनही उत्साहाचा विषय वाटतो, विद्येचा वाटत नाही.

स्कॉटलंडच्या पद्धतीचे सर्वच घेण्याजोगे आहे असे मात्र नाही. तेथील स्पर्धांच्या दडपणामुळे रचना इतक्या दाट झाल्या आहेत की त्यातील कौशल्य कळण्यास श्रोताही वादकच असावा लागतो. केव्हलारच्या धाग्यांचे, विलक्षण ताणलेले पान आल्यापासून हा दाटपणा अधिकच वाढला, कारण त्यावर प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो. रस्त्यावर चालणाऱ्या वा चौकात थांबणाऱ्या पथकाला तसल्या नक्षीचा उपयोग नाही. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून नाद परत येतो आणि बारीक दाणे त्या प्रतिध्वनीत विरघळून जातात. तेथे मोकळी, ठसठशीत आकृतीच चालते. पाइप बँडकडून घ्यावयाची ती गादी, सावकाश चढ-उतार आणि हाताचा हिशेब, रचना नव्हेत.

तर्रीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. पाइप बँडमध्ये घुमारा मोजलेला असतो. पाच आघातांचा म्हणजे पाचच, आणि तो कोणत्या हाताने सुटतो हे आधीच ठरते. ताशाची तर्री मोजलेली नसते. पुढच्या ठोक्यापर्यंतची जागा भरून काढणे एवढेच तिचे काम, आणि ती किती दाट पडावी हे वादकाच्या काडीवर व त्या क्षणीच्या उत्साहावर अवलंबून असते. तिला मोजले तर वीस जणांची तर्री एका क्षणी सुटेल व ढोलाचा ठोका स्वच्छ ऐकू येईल. परंतु तिच्यातील ती बेहिशेबी उसळ, जिच्यासाठी लोक गच्चीवर येऊन उभे राहतात, ती कमी होण्याचा संभव आहे. तूर्त इतके करता येण्याजोगे आहे की तर्रीच्या आतले आघात न लिहिता तिचा आरंभ, तिचा शेवट आणि शेवटचा हात एवढेच लिहावे : अक्षराच्या पुढे एक नागमोडी रेघ, आणि ती जेथे संपते तेथे ‘त’ किंवा ‘ड’.